लाकडी ट्रे घरच्या घरी: उचलण्याच्या हिशोबाने

ट्रे म्हणजे चार पट्ट्या आणि एक तळ. आकारापुरतं हे खरंच आहे, म्हणून घरी लाकूडकाम सुरू करणारे बरेच जण पहिली वस्तू म्हणून ट्रेच निवडतात. पण खोकं किंवा फोटोची चौकट बनवणं वेगळं आणि ट्रे बनवणं वेगळं. ट्रे भरलेला असतानाच उचलायचा असतो, दोन टोकांना धरून चालत न्यायचा असतो आणि त्यात बहुतेक वेळा सांडणारं काहीतरी असतं. २५० मिलीचे सहा ग्लास भरून ठेवले तर नुसतं पाणीच दीड किलो होतं. त्यात ग्लासांचं आणि ट्रेचं वजन धरलं की चार किलोंच्या आसपास भार होतो. तो सगळा तळावरून बाजूच्या पट्ट्यांवर, तिथून चार सांध्यांवर आणि शेवटी आपल्या बोटांवर येतो.

त्यामुळे लाकूड कोणतं, सांधा कसा, तळ कुठे बसवायचा, मूठ केवढी कापायची, या प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: उचलल्यावर इथे काय होईल? या लेखातली सगळी मापं आणि सगळा क्रम याच प्रश्नातून ठरवला आहे.

माप आधी, लाकूड नंतर

मध्यम ट्रेसाठी बाहेरून ४५० × ३०० मिमी हे माप घ्या. ४५० मिमी अंतरावर दोन्ही हात धरले तर कोपरं अंगाजवळ राहतात आणि वजन सुसह्य वाटतं. लांबी ५०० मिमीच्या पुढे गेली की हात फाकतात आणि तेच वजन जड लागतं, दारातून वळतानाही अडचण होते. त्यामुळे जास्त जागा हवी असेल तर लांबीपेक्षा रुंदी थोडी वाढवणं बरं.

पट्ट्यांची जाडी १२ मिमी ठेवा. १८ मिमीच्या फळ्या सहज मिळतात म्हणून पुष्कळ जण त्याच वापरतात, पण मग बाजूंचं वजन दीडपट होतं. १२ मिमीच्या पट्ट्या आणि ६ मिमी प्लायवूडचा तळ घेतला तर हा ट्रे साधारण सव्वा किलोत बसतो. रिकाम्या ट्रेचं वजन दर वेळी उचलावं लागतं, तेव्हा तिथे हात आखडता घ्यावा.

कापायचे तुकडे असे:

- लांब बाजू, २ नग: ४५० × ६० × १२ मिमी
- आखूड बाजू, २ नग: २८८ × ८० × १२ मिमी
- तळ, १ नग: ४३५ × २८५ मिमी, ६ मिमी प्लायवूड
- सांध्यांसाठी ४ मिमी जाडीच्या लाकडी खुंट्या किंवा बांबूच्या काड्या, ८ नग

ट्रेची रुंदी ३०० असताना आखूड बाजू २८८ का, ते सांध्यापाशी स्पष्ट होईल. तिची उंची ८० आहे ती मुठीसाठी. मधला भाग उंच ठेवून टोकांकडे तो उतरता करत ६० वर आणायचा आहे.

लाकूड निवडताना

लाकूड किती कठीण आहे हे मोजण्याची जांका नावाची चाचणी आहे. ११.२८ मिमी व्यासाचा पोलादी गोळा अर्धा आत रुतायला किती जोर लागतो, ते त्यात मोजतात. हार्ड मेपलला सुमारे १४५० पौंड लागतात, तर पांढऱ्या पाइनला ३८०च्या आसपास. म्हणजे पाइनच्या तळावर कप जोरात टेकला तरी वळ उठतो. पाइन कापायला सोपं आणि हलकं असतं. हात बसवण्यासाठी पहिला ट्रे त्याचा करायला हरकत नाही, पण रोज वापरायचा असेल तर बीच, मेपल, सागवान, शिसम, बाभूळ यांच्यापैकी काहीतरी घ्या. ओक आणि अ‍ॅशची छिद्रं मोठी असतात आणि त्यांत सांडलेलं साचून राहतं. ती लाकडं वापरायची तर छिद्रं नीट भरून घ्यावी लागतात.

सागवान आणि शिसममध्ये नैसर्गिक तेल असतं. ते ओलावा दूर ठेवतं, पण गोंदालाही दूर ठेवतं. सांध्याच्या जागा चिकटवण्याच्या जरा आधी अ‍ॅसिटोनने पुसून घेतल्या की पकड चांगली बसते. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास ज्योत नको.

फळी हातात घेतली की तिच्या एका टोकाकडून डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे पाहा. पीळ, बाक किंवा पन्हळ असेल तर इतक्या पातळ कामात ते शेवटपर्यंत छळतं. बाजूंच्या पट्ट्यांत गाठ नको, आखूड बाजूंत तर मुळीच नको, कारण मूठ तिथे कापायची आहे. फळी ताजी आणून लगेच कापू नका. ज्या घरात ट्रे राहणार त्याच घरात ती आठवडा-दोन आठवडे, खाली-वर हवा खेळेल अशी ठेवा.

जुन्या पॅलेटचं (माल रचून ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीचं) लाकूड वापरायचं असेल तर त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे ते लाकूड आतपर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झालेली आहे. ते, आणि शिक्का नसलेलंही, खाण्यापिण्याच्या वस्तूजवळ नको. ‘एचटी’च्या पॅलेटवरही आधी काय सांडलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे डाग आणि वास असलेल्या फळ्या बाजूला टाका. जुना रंग लागलेलं लाकूडही नको. त्यात शिसं असू शकतं आणि घासताना ते धुळीतून नाकात जातं.

तळ प्लायवूडचा की अखंड लाकडाचा?

माझं मत प्लायवूडच्या बाजूने आहे. प्लायवूडमध्ये थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते हवेतल्या ओलाव्याने फारसं फुगत-आकसत नाही. अखंड लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत बदलतं. लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी कमी-जास्त झाला, तर २८५ मिमी रुंदीचा बीचचा तळ ढोबळमानाने ५ मिमी हलतो आणि सागवानाचा २ मिमी. हा तळ चारही बाजूंनी गोंदाने जखडला तर पावसाळी हवेत तो सांधे उघडतो, कोरड्या हवेत मधोमध चिरतो.

अखंड लाकडाचा तळ हवाच असेल तर दोन गोष्टी पाळा. तंतू ट्रेच्या लांबीला समांतर ठेवा, आणि तळ खाचेत मोकळा बसवा. गोंद लावायचाच असेल तर आखूड बाजूंच्या मधोमध एकेक ठिपका, बाकी कुठे नाही. हालचालीला जागा म्हणून रुंदीत दोन्हीकडे दोन-दोन मिमी रिकामं सोडा. प्लायवूडचा तळ मात्र बिनधास्त सगळीकडे गोंद लावून बसवता येतो, आणि तसा बसवला की पूर्ण चौकट ताठ होते. पातळ बाजूंच्या ट्रेला हा आधार फार मोलाचा आहे.

हत्यारं

बारीक दातांची करवत, गुण्या, १२ मिमीची धारदार पटाशी, ड्रिल आणि ४ मिमीचं बिट, २८ मिमीचं होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) किंवा चपटं बिट, जिगसॉ किंवा बारीक पात्याची हातकरवत, अर्धगोल कानस, चार क्लँप आणि पॉलिश पेपर. राउटर (लाकडात खाच पाडणारं विजेचं यंत्र) असेल तर तळाची खाच पाच मिनिटांत होते. नसेल तरी काम अडत नाही, त्याचा मार्ग पुढे दिला आहे.

आणि मास्क. लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. पॉलिश पेपरने घासताना उडणारी बारीक धूळ सगळ्यात वाईट. साधा रुमाल तिला अडवत नाही. धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क लावा, शक्यतो उघड्यावर घासा, आणि पट्ट्या कापताना, भोकं पाडताना डोळ्यांवर चष्मा ठेवा.

कापणी: जोडीने

समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकमेकींशी तंतोतंत सारख्या असणं हे माप अचूक असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. दोन्ही लांब बाजू ४४९ मिमी झाल्या तर काहीही बिघडत नाही. एक ४५० आणि दुसरी ४४९ झाली तर चौकट काटकोनात येणार नाही. म्हणून प्रत्येक पट्टी टेपने वेगळी मोजू नका. पहिली कापा, ठोकळा लावून अडणी करा आणि दुसरी त्याच अडणीला टेकवून कापा. हातकरवतीने कापत असाल तर दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून, टोकं एकदमच रंधून किंवा घासून सारखी करा.

कापण्यापूर्वी प्रत्येक पट्टीची चांगली बाजू ठरवून पेन्सिलने खूण करा: आत, बाहेर, वर, खाली. हा कंटाळवाणा भाग वाटतो, पण खाच चुकीच्या बाजूला पडते ती याच खुणांच्या अभावी.

तळाची खाच

तळ खालून खिळे किंवा स्क्रूने ठोकणं ही सर्रास दिसणारी पद्धत आहे आणि ट्रेसाठी ती सगळ्यात कमकुवत आहे. भार खालच्या दिशेने येतो आणि खिळाही त्याच दिशेने ओढला जातो, म्हणजे प्रत्येक उचलीसरशी तो थोडाथोडा सैल होतो. तळ कशावर तरी टेकलेला हवा, मग भार थेट लाकडावर पडतो.

त्यासाठी चारही पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, खालच्या कडेपासून ६ मिमी सोडून, ५ मिमी खोल खाच पाडायची. खाचेची रुंदी हातातल्या प्लायवूडवरून ठरवा. ६ मिमी म्हणून मिळणारं प्लायवूड प्रत्यक्षात साडेपाचही भरतं. त्याचा तुकडा हाताच्या दाबाने आत जायला हवा. हातोडी लागत असेल तर खाच तंग आहे, आपोआप घसरत असेल तर सैल.

तळाचं माप यावरून येतं. ट्रेची आतली लांबी ४५० वजा दोन पट्ट्यांचे २४, म्हणजे ४२६. दोन्हीकडे खाचेत जाणारे ५-५ मिमी मिळवले की ४३६. त्यातून १ मिमी सूट वजा केली की ४३५. रुंदीचंही तसंच: ३०० वजा २४ म्हणजे २७६, अधिक १०, वजा १, म्हणजे २८५.

राउटर नसेल तर खाच पाडूच नका. १० × १० मिमीची पट्टी चारही बाजूंच्या आतून, खालच्या कडेला गोंदाने चिकटवा आणि तळ वरून तिच्यावर बसवा. तंतू दोन्हीकडे एकाच दिशेने धावत असल्यामुळे हा जोड कमालीचा मजबूत होतो आणि तळ टेकलेलाही राहतो. मग तळाचं माप ४२५ × २७५ घ्यायचं. दिसायला खाच सुबक, पण ताकदीत ही पद्धत मुळीच कमी नाही.

मूठ

ट्रे वर्षानुवर्षं वापरात राहतो की कपाटात जातो, हे बऱ्याच अंशी मूठ ठरवते, म्हणून इथे वेळ द्या.

चार बोटं आरामात जायला १०० मिमी लांब आणि २८ मिमी उंच भोक लागतं. मोठा पंजा असलेलं कुणी घरात असेल तर लांबी ११० करा. भोकाच्या वर २० मिमी लाकूड शिल्लक ठेवा. सगळं वजन त्या दांड्यावर लटकतं. ८० मिमी उंचीतून वरचे २० आणि भोकाचे २८ गेले की खाली ३२ मिमी उरतात. ट्रे टेबलावर असताना बोटं भोकात घालायला तेवढी जागा पुरते. भोक याहून खाली गेलं तर उचलताना बोटांची पेरं टेबलाला घासतात.

आखूड पट्टीत तंतू आडवे, म्हणजे पट्टीच्या लांबीला समांतरच असले पाहिजेत. चुकून उभ्या तंतूंचा तुकडा वापरला तर मुठीवरचा दांडा बिस्किटासारखा तुटतो, लाकूड कितीही भारी असो.

आखणी अशी. पट्टीचा मध्य काढा. खालच्या कडेपासून ४६ मिमीवर एक आडवी रेघ मारा. मध्यापासून दोन्हीकडे ३६ मिमीवर टोचणीने खूण करा. या दोन बिंदूंवर २८ मिमीची भोकं पाडली की त्यांच्या बाहेरच्या कडांमध्ये बरोबर १०० मिमी अंतर येतं. पट्टीखाली टाकाऊ फळी घट्ट आवळून ठेवा. नाहीतर बिट पलीकडे निघताना लाकडाच्या कपच्या उडवतं, आणि त्या नेमक्या दिसणाऱ्या बाजूच्या उडतात. आणखी खात्रीचा उपाय: बिटचं मधलं टोक पलीकडे डोकावलं की थांबा, पट्टी उलटी करा आणि त्याच टोकाच्या भोकातून उरलेलं काम दुसऱ्या बाजूने पुरं करा.

मग दोन भोकं वरून आणि खालून सरळ रेघांनी जोडा आणि जिगसॉने रेघेच्या किंचित आतून कापा. उरलेलं कानसेने रेघेपर्यंत आणा. वरच्या कडेचा उतारही आत्ताच कापायचा: मधला १३० मिमी भाग सपाट ८० उंचीचा, तिथून दोन्ही टोकांकडे हळुवार वळण घेत ६०पर्यंत. दोन्ही आखूड पट्ट्या एकत्र आवळून वळण घासलं की दोन्हीकडे ते सारखं येतं.

आता भोकाची कड. काटकोनी कड नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण भरलेला ट्रे उचलला की तीच बोटांत रुतते. कानसेने दोन्ही बाजूंची कड ३ ते ४ मिमी गोल करा. विशेषतः भोकाच्या वरची कड, जिथे बोटांचा आतला भाग टेकतो. मग पॉलिश पेपरची पट्टी भोकातून ओवून मागे-पुढे ओढा. डोळे मिटून बोट फिरवा. कुठेही टोक किंवा कंगोरा जाणवला तर अजून काम बाकी आहे. हे सगळं चौकट जोडण्यापूर्वी उरकायचं, नंतर आतल्या बाजूला कानस नीट फिरत नाही.

सांधा

नुसती टोकाला टोक चिकटवलेली चौकट गोंदावर टिकत नाही. पट्टीचं कापलेलं टोक म्हणजे असंख्य बारीक नळ्यांची उघडी तोंडं. ती गोंद शोषून घेतात आणि जोड कोरडा पडतो. ४५ अंशांत कापलेला सांधा देखणा असतो, पण तिथेही टोकालाच टोक चिकटतं, शिवाय अंश अचूक साधणं अवघड. डव्हटेल, म्हणजे पसरट दाते एकमेकांत अडकवलेला सांधा, सर्वांत मजबूत. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी जरूर करावा.

या ट्रेसाठी मी पायरीचा सांधा सुचवतो. दोन्ही लांब पट्ट्यांच्या टोकांना, आतल्या अंगाने, १२ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल पायरी कापायची. आखूड पट्टीचं टोक त्या पायरीत बसतं. म्हणजे लांब पट्टीची ६ मिमी जाडी बाहेर राहते, दोन्हीकडची मिळून १२, आणि ३००मधून ती गेली की २८८. आखूड बाजूचं माप हे असं आलं. पायरी कापायला गुण्याने आडवी रेघ मारा, ६ मिमी खोल करवतीचा काप घ्या आणि उरलेलं पटाशीने टोकाकडून पातळ पातळ सोला. एकदम खोल घाव घालू नका, तंतू भलतीकडे फाटतात.

या सांध्यात आणखी एक सोय दडलेली आहे. तळाची खाच ५ मिमी खोल आणि पायरी ६ मिमी, त्यामुळे लांब पट्टीत खाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पाडली तरी ती पायरीतच विरून जाते. आखूड पट्टीच्या खाचेची तोंडं लांब पट्टीमागे झाकली जातात. कोपऱ्यावर बाहेरून चौकोनी भोक दिसत नाही आणि खाच मध्येच थांबवण्याची कसरतही वाचते.

पायरीमुळे पट्ट्या जागेवर बसतात, पण भार पेलायला खुंट्या हव्यात. गोंद वाळल्यावर लांब बाजूच्या बाहेरून, टोकापासून ६ मिमीवर, खालच्या कडेपासून २२ आणि ४६ मिमी उंचीवर ४ मिमीची भोकं ३० मिमी खोल पाडायची आणि गोंद लावून खुंट्या ठोकायच्या. खुंटीची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवली की लाकूड फुटत नाही, म्हणून १२ला ४. ट्रे उचलला जातो तेव्हा आखूड बाजू वर आणि लांब बाजू खाली ओढली जाते. आडव्या खुंट्या त्या ओढीला नेमक्या काटकोनात असतात, त्यामुळे बाहेर निसटण्याचा प्रश्नच येत नाही.

खिळे वापरायचा मोह झाला तर सागवान, ओक, बाभूळ यांच्यात लोखंडी खिळे टाळाच. या लाकडांत टॅनिन असतं. ओलावा आणि लोखंड मिळालं की त्याचे निळे-काळे डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत.

जोडणी

आधी गोंदाशिवाय सगळं जोडून पाहा. क्लँपसुद्धा लावून पाहा. गोंद लागल्यावर पाच-दहा मिनिटंच हातात असतात, तेव्हा ‘क्लँपचा दांडा कमी पडतोय’ हे कळून उपयोग नाही.

जोडण्यापूर्वी पट्ट्यांचे आतले भाग आणि तळ १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. कोपऱ्यात नंतर हात पोचत नाही. तळाला फिनिशचा (लाकडावरच्या संरक्षक लेपाचा) पहिला हातही आत्ताच द्या, फक्त चिकटणाऱ्या कडा चिकटपट्टीने झाकून. बाहेर ओघळलेला गोंद मग तळावर बसत नाही, नखाने निघतो.

गोंद पाण्याला दाद देणारा नको. लाकडासाठीच्या पांढऱ्या पीव्हीए गोंदावर ‘डी-३’ असा दर्जा लिहिलेला असेल तर तो अधूनमधून पाणी लागणाऱ्या कामाला चालतो. कापलेल्या टोकांना आधी गोंदाचा पातळ हात द्या, तो शोषला जाईपर्यंत दोन मिनिटं थांबा, मग दुसरा हात देऊन जोडा.

क्रम: एक लांब बाजू आडवी ठेवा, तिला दोन्ही आखूड बाजू लावा, खाचेतून तळ सरकवा, वर दुसरी लांब बाजू बसवा. क्लँप सांधा मिटेपर्यंतच आवळा. अति आवळलं तर गोंद सगळा बाहेर येतो आणि पट्ट्या मधोमध वाकतात. क्लँप कमी असतील तर जाड दोरी चौकटीभोवती दोन वेढे घालून काठीने पिळा. कोपऱ्यांत पुठ्ठा ठेवा, म्हणजे वळ उठणार नाहीत.

लगेच कर्ण मोजा. ४५० × ३०० ला तो सुमारे ५४१ मिमी येतो. आकडा किती येतो याला फारसं महत्त्व नाही, दोन्ही कर्ण सारखे आले की झालं. सूतभर जरी फरक दिसला तरी जो कर्ण लांब आहे त्याची दोन टोकं एकमेकांकडे दाबा आणि पुन्हा मोजा. चौकट सपाट फळीवर ठेवून चारही कोपरे टेकतात ना तेही पाहा. पीळ राहिला तर ट्रे आयुष्यभर डुगडुगतो. क्लँप तासाभराने काढता येतात, पण खुंट्या ठोकायला आणि घासायला दुसरा दिवस उजाडू द्या.

घासणं

८० नंबर फक्त करवतीच्या खुणा असतील तरच. मग १२०, १८०, २२०. प्रत्येक वेळी पृष्ठभागावर पेन्सिलने हलक्या रेघा मारा, त्या पुसल्या गेल्या की पुढचा नंबर. हात नेहमी तंतूंच्या दिशेने चालवा. आडव्या घासण्याचे ओरखडे आत्ता दिसत नाहीत, फिनिश लागलं की उठून दिसतात. पट्ट्यांच्या बाहेरच्या कडाही थोड्या मोडा. धारदार कडेवर फिनिश टिकत नाही आणि टवका तिथूनच उडतो.

शेवटी ओल्या फडक्याने सगळा ट्रे पुसा आणि वाळू द्या. तंतू फुगून कुसळं वर येतात. ती २२०ने हलक्या हाताने काढली की नंतर पाणी सांडल्यावर पृष्ठभाग खरखरीत होत नाही. प्लायवूडवर मात्र हात जपून, वरचा पापुद्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो.

फिनिश

खनिज तेल आणि मेण लावायला सोपं, पण ट्रेला ते अपुरं पडतं. गरम कप आणि ओला ग्लास त्याला दाद देत नाहीत आणि ते वारंवार लावावं लागतं. शेलॅकची (लाखेच्या पॉलिशची) झळाळी सुंदर, पण उष्णता, पाणी आणि अल्कोहोल या तिन्हींनी ते बिघडतं, आणि ट्रेवर या तिन्हींची ये-जा असते. टंग तेल किंवा उकळलेलं जवसाचं तेल लाकडाला खोल रंग देतं आणि दुरुस्तीला सोपं असतं.

रोजच्या ट्रेसाठी मी पॉलियुरेथेन हे वॉर्निश निवडीन, मॅट (बिनचमकीचं) किंवा सॅटिन (मंद चमकीचं). चकचकीत पृष्ठभागावर ओल्या तळाचे ग्लास सरकतात आणि ओरखडेही जास्त दिसतात. फडक्याने पातळ हात द्यायचे, किमान तीन. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा आणि २२० किंवा ३२०ने हलकं घासून धूळ पुसा. पाण्यात विरघळणारं फिनिश वापरत असाल तर मध्ये स्टीलवूल लावू नका, अडकलेले कण गंजून ठिपके पडतात. शिसमवर तेलाधारित पॉलियुरेथेन कधीकधी वाळतच नाही. तिथे आधी मेण काढलेल्या शेलॅकचा एक हात द्यावा.

आत जेवढे हात तेवढेच खालून. खालची बाजू कोण बघतं म्हणून ती कोरी सोडली, तर एका बाजूने ओलावा आत-बाहेर होत राहतो आणि तळ पन्हळीसारखा वाकतो.

जवस किंवा टंग तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. ही तेलं वाळताना उष्णता बाहेर टाकतात आणि ढिगाऱ्यात ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा.

पॉलियुरेथेन हाताला दुसऱ्या दिवशी कोरडं लागतं, पण पूर्ण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे घेतं. तोवर गरम भांडं ठेवू नका, आणि उघडा खाद्यपदार्थ थेट तळावर तर नकोच.

वापरण्याआधी आणि नंतर

खालच्या कडेला चार कोपऱ्यांत कॉर्क किंवा रबराचे पातळ तुकडे चिकटवा. टेबलावर ओरखडे उठत नाहीत, ट्रे घसरत नाही आणि मुठीखाली आणखी दोन-तीन मिमी जागा मिळते.

मग भार तपासा. एकेक लिटरच्या पाण्याच्या सहा बंद बाटल्या आडव्या ठेवून गादीच्या वर ट्रे उचला, थोडा हलवा. सांध्यातून करकर आवाज आला किंवा तळ मधोमध वाकला तर कारण शोधा. बहुतेक वेळा एखादी खुंटी कोरडीच ठोकली गेलेली असते. ती ड्रिलने काढून, भरपूर गोंद लावून नवी घाला.

ट्रे पाण्यात भिजत घालायचा नाही, भांडी धुण्याच्या यंत्रात तर कधीच नाही. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडा करा आणि कडेवर उभा ठेवून वाळवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा लागते. गरम कपाचा पांढरा डाग पडला तर तो फिनिशमध्ये अडकलेला ओलावा असतो. एक-दोन दिवस थांबलं तर कधी आपोआप जातो. नाही गेला तर तेवढी जागा ३२०ने घासा आणि पूर्ण तळाला एक पातळ हात द्या. फक्त डागापुरता हात दिला तर त्याची कड कायम दिसत राहते.